वाचकांचे प्रश्न : चर्चमधली मैफल आणि घुमारा

जुन्या चर्चची इमारत मैफलींसाठी घेतलेल्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून सगळीकडे एकच नमुना धरला आहे : दगडी भिंतींचं, आत ६,००० घनमीटर पोकळी असलेलं, ४०० श्रोते बसतील असं चर्च. तुमच्या इमारतीची मापं घालून हिशेब पुन्हा करावा.

प्रश्न : चर्चमध्ये आवाज सुंदर घुमतो असं सगळेच सांगतात. मग समूहगान छान रंगतं आणि ड्रम सुरू झाले की नुसता गोंगाट होतो, हे कसं?

कुठलं संगीत वाजणार, त्यावर घुमारा चांगला की वाईट हे ठरतं. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो तो घुमाऱ्याचा काळ. मोठ्या दगडी कॅथीड्रलमध्ये तो ५ ते ८ सेकंदांवर जातो. वाद्यवृंदाला १.८ ते २.२ सेकंद मानवतात, चेंबर संगीताला दीडच्या आसपास. स्पीकरवरच्या रॉक-पॉपला हॉलच्या आकारानुसार ०.६ ते १.२ सेकंदच पुरतात.

समजा, रिकाम्या चर्चचा घुमारा ४ सेकंद आहे. म्हणजे आवाज सेकंदाला १५ डेसिबलने उतरतो. ड्रमचे मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद, आणि तेवढ्यात पहिला ठोका जेमतेम साडेसात डेसिबल खाली आलेला असतो. दुसरा त्याच्या अंगावरच पडतो. घुमारा १.२ सेकंदांचा असता तर त्याच अर्ध्या सेकंदात आवाज २५ डेसिबल उतरला असता आणि ठोके सुटे ऐकू आले असते. समूहगानात सूर लांबवलेले असतात, मागच्या सुराची शेपटी पुढच्या सुराखाली राहिली तरी ती साथच देते. तीच शेपटी ड्रमला चिखल वाटते.

हिशेबाचं सूत्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांचं. हार्वर्डमधलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं कळत नसे. त्याचं कारण शोधायचं काम १८९५ मध्ये त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, मोजून परत ठेवून प्रयोग केले. सूत्र असं : घुमाऱ्याचा काळ = ०.१६१ × पोकळी ÷ एकूण शोषण. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात : पडलेला आवाज पूर्ण गिळणारं क्षेत्र म्हणून. आपल्या नमुन्यात ०.१६१ × ६,००० ÷ ४ म्हणजे रिकाम्या चर्चचं शोषण सुमारे २४० चौरस मीटर. बसलेला श्रोता मधल्या सुरांत साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो, म्हणजे ४०० माणसांचे आणखी २००. एकूण ४४०, आणि घुमारा २.२ सेकंदांवर येतो. हॉल भरला की चर्च आपोआप वाद्यवृंदाच्या मापात बसलं. १.२ सेकंदांवर यायचं तर एकूण ८०५ हवेत, म्हणजे आणखी ३६५ कमवायचे. खरं काम इथे सुरू होतं.

आधी मोजणी करा. मोठे फुगे आणा आणि मंचाच्या जागी फोडा. पाच-सहा ठिकाणी चांगल्या माइकवर ध्वनिमुद्रण घ्या : पुढची रांग, मधली, सज्जाखाली, सज्जावर, बाजूच्या दालनात. १२५ हर्ट्झच्या खर्जापासून ४,००० हर्ट्झच्या वरच्या सुरांपर्यंत प्रत्येक पट्ट्याचा काळ वेगळा काढून घ्या, कारण सरासरीचा एकच आकडा पुढच्या प्रश्नातलं दुखणं लपवतो. फुग्याच्या आवाजात खालच्या सुरांचा जोर कमी असतो. १२५ च्या खालचं मोजायला सबवूफरमधून (खर्जाच्या स्पीकरमधून) चढत्या सुराचा संकेत सोडावा लागतो. फुटल्यानंतर ‘टर्रर्र’ असं ऐकू आलं तर दोन समोरासमोरच्या सपाट भिंती आवाज टोलवत आहेत. मागच्या भिंतीवरून स्पष्ट दुसरा ‘फट्’ आला, तर परतून येणाऱ्या आवाजाची वाट थेट आवाजापेक्षा १७ मीटरहून लांब आहे, म्हणजे तो ५० मिलिसेकंदांहून उशिरा पोचतो.

प्रश्न : भिंतींना जाड मखमली पडदे लावले. वरचे सूर मेल्यासारखे झाले, पण खालची घूं-घूं आहे तशीच आहे. पडदे आणखी वाढवावेत का?

वाढवू नका. पडदा मधल्या-वरच्या सुरांत ६० टक्क्यांपर्यंत आवाज खातो, पण १२५ हर्ट्झला १० टक्क्यांच्या आसपासच. कारण साधं आहे : १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब असते. सच्छिद्र कापड किंवा लोकर तिला तेव्हाच पकडते, जेव्हा ती भिंतीपासून लहरीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे ८५ सेंटिमीटरवर असेल. भिंतीला चिकटवलेल्या पडद्याला ती लहर जाणवतही नाही. वरच्या हिशेबातले ३६५ चौरस मीटर नुसत्या पडद्यांनी गाठायचे तर ६०० चौरस मीटर कापड लागेल. त्याने आवाजाचा रंग काळवंडेल आणि बास मात्र पूर्ववत घुमत राहील. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

खर्जाला खर्जाचं औषध. पहिलं, पातळ फळीची पेटी : मागे बंद हवा आणि पुढे डोलणारी फळी. तिची कंप्रता = ६० ÷ √(फळीचं दर चौरस मीटर वजन × मागची पोकळी मीटरमध्ये). दर चौरस मीटर १० किलोच्या प्लायवुडमागे १० सेंटिमीटर पोकळी ठेवली तर उत्तर ६० हर्ट्झ. पोकळीत लोकर सैल भरली की शोषण रुंद पट्ट्यावर पसरतं. कडा मात्र हवाबंद हव्यात. एक फट राहिली तरी पेटी मुकी होते, आणि बहुतेक वेळा काम इथेच बिघडतं. दुसरं, २० सेंटिमीटर जाडीच्या लोकरीच्या चौकटी, मागे तेवढीच मोकळी जागा सोडून, बाजूच्या दालनांत आणि सज्जाच्या मागे उभ्या करायच्या. तिसरं, गरज असेल तेव्हाच फुगवायचे पातळ प्लास्टिकचे मोठे फुगे. रॉक असलं की फुगवा, समूहगान असलं की हवा काढून टाका. एकाच हॉलमध्ये दोन्ही प्रकार करायचे असतील तर हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा, कारण चर्चचा मूळ घुमारा कायमचा मारला जात नाही.

दुरुस्तीच्या वेळची एक चूक तर अगदी नेहमीची. जुनी लाकडी जमीन वाशांवर बसवलेली असते आणि खाली पोकळी असते. म्हणजे ती स्वतःच खर्ज खाणारी भलीमोठी पेटी. ती काढून सिमेंटचा पक्का थर ओतला की जमीन मजबूत होते आणि बास दुप्पट त्रास देऊ लागतो. लाकडी पट्ट्यांवरचा जुना चुन्याचा गिलावा आणि भिंतींवरचं फळ्यांचं अस्तर यांचंही तसंच. पाडण्याआधी १२५ हर्ट्झचा आकडा लिहून ठेवा.

उगमापाशीही बरंच वाचवता येतं. मंचाचा पोकळ लाकडी डबा ढोलासारखा वाजतो, त्यात लोकर ठासा. सबवूफर मागच्या बाजूला कमी आवाज टाकतील अशा रचनेत मांडा, नाहीतर मंचामागची वेदीची अर्धगोल कोनाडी आवाज गोळा करून वादकांच्याच डोक्यावर ओतते.

प्रश्न : मागच्या रांगेला निवेदन कळत नाही. आवाज वाढवला तर आणखीच कळेनासं होतं.

होणारच. आवाज वाढवला की स्पीकरचा थेट आवाज जितका वाढतो तितकाच घुमाराही वाढतो. प्रमाण बदलत नाही, फक्त कान दुखतात. थेट आवाज आणि घुमारा सारखे होतात ते अंतर = ०.०५७ × √(स्पीकरचा रोख × पोकळी ÷ घुमाऱ्याचा काळ). इथे रोख म्हणजे स्पीकर आवाज एका दिशेला किती एकवटतो तो आकडा. सगळीकडे सारखा पसरणारा, म्हणजे रोख १ असलेला आवाज आपल्या भरलेल्या चर्चमध्ये फक्त ३ मीटरपर्यंत स्वच्छ राहतो. रोख १० असलेला स्पीकर ते अंतर साडेनऊ मीटरवर नेतो. शब्द समजण्याची मर्यादा यापुढेही काही अंतर टिकते, पण मागची रांग २५ मीटरवर असेल तर मंचावरच्या दोन मोठ्या स्पीकरांकडून ते होणार नाही.

उभ्या, सडपातळ कॉलम स्पीकरांचा रोख श्रोत्यांच्या डोक्यांवर ठेवा, मागच्या भिंतीवर किंवा छतावर नको. माणसं आवाज खातात, दगड परत फेकतो. मध्यावर दुसरी जोडी लावा आणि तिला उशीर द्या. पहिल्या जोडीपासून २० मीटर पुढे असेल तर २० ÷ ३४३ म्हणजे ५८ मिलिसेकंद. त्यात १० ते १५ मिळवले की आवाज मंचाकडूनच येतोय असं वाटतं. उशीर द्यायला विसरलात तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. निवेदनाच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. न लागणारे माइक बंद ठेवा, उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकर शिट्टी मारू लागण्यापर्यंतचं अंतर ३ डेसिबलने घटतं. आणि निवेदकाला थोडं सावकाश बोलायला सांगा. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

प्रश्न : पाइप ऑर्गन जागेवर ठेवावा की काढावा? हॉल गरम केला की तो वाद्यवृंदाशी जुळत नाही.

चालू स्थितीत असेल तर ठेवा. ऑर्गनशिवायच्या चर्चमध्ये तेवढी जागा मोकळी होते खरी, पण परत आणायचा विचार आला तर खर्च डोळे पांढरे करतो.

जुळत नाही याचं कारण हवा. तापमान १ अंशाने वाढलं की साध्या नळ्यांचा सूर सुमारे ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). १६ अंशांना ४४० हर्ट्झवर लावलेला ऑर्गन २१ अंशांना १५ सेंट वर, म्हणजे जवळजवळ ४४४ वर जातो. रीडच्या नळ्यांचा सूर मुख्यतः पितळी पत्ती ठरवते, त्या फारशा हलत नाहीत, म्हणून ऑर्गन स्वतःशीच बेसूर होतो. अशा वेळी घाईने रीड हलवू नका. कार्यक्रमाचं तापमान आधी ठरवा, ऑर्गन त्याच तापमानाला लावून घ्या आणि दर वेळी तिथेच आणा. गरम करायचा वेग तासाला १ अंशाच्या आसपास ठेवा. गरम हवेचा झोत सोडून दोन तासांत हॉल तापवला तर हवा कोरडी पडते, वाऱ्याच्या पेटीचं लाकूड आकसतं, चिरतं, आणि मग पट्टी न दाबताच एखादा सूर वाजत राहतो. आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत असू द्या.

बांधकाम चालू असताना ऑर्गन झाकून हवाबंद करा आणि त्याचा भाता-पंखा एकदाही चालवू नका. दगडाची धूळ नळ्यांच्या ओठांत बसली की पूर्ण सफाईशिवाय सुटका नसते.

प्रश्न : हिवाळ्यात मैफल संपता संपता रंगीत काचांवरून पाणी ओघळतं. छत गळतंय का?

छत तपासायला हरकत नाही, पण संशय श्रोत्यांवर घ्या. बसलेला माणूस तासाला सुमारे ५० ग्रॅम वाफ सोडतो. ४०० माणसं दोन तासांत ४० लिटर पाणी हवेत सोडून जातात. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेला १२ अंशांवर दव सुटतं. बाहेर २ अंश असताना एकेरी काच आतून ६-७ अंशांवरच असते, म्हणजे पाणी धरायला ती तयारच बसलेली. ओघळलेलं पाणी शिशाच्या पट्ट्यांखालच्या लोखंडी आधारांना गंजवतं, आणि काचेवर रंगवलेले जुने चेहरे आतून सुटायला लागतात. बाहेरून संरक्षक काच बसवून मधली पोकळी आतल्या हवेशी खेळती ठेवली, तर रंगीत काच उबदार राहते आणि दव बाहेरच्या काचेवर पडतं. पोकळी हवाबंद केली तर उलटंच होतं.

हवा बदलायला माणशी सेकंदाला १० लिटर धरा. ४०० माणसांना तासाला १४,४०० घनमीटर. एवढी हवा शांतपणे आणणं हीच कसोटी आहे. नळ्यांतला वेग दुप्पट झाला की आवाज १५ ते १८ डेसिबलने वाढतो. म्हणून नळ्या रुंद, वेग कमी, आणि हवा बाकांखालून ०.२ मीटर प्रतिसेकंद इतक्या संथपणे सोडलेली बरी. ती माणसांच्या उबेने आपोआप वर जाते.

उंच छताचा इथे फायदा होतो. माणशी १५ घनमीटर हवा आधीच भरलेली आहे. पंखे पूर्ण बंद ठेवले तरी अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड ६०० पीपीएमच्या (दहा लाखांत ६०० भागांच्या) आसपासच वाढतो. नाजूक भागाला पंखे अगदी मंद, मध्यंतरात जोरात, इतकं साधलं तरी पुरतं. बुटक्या हॉलला ही चैन परवडत नाही.

प्रश्न : दिवे छताच्या कैच्यांना टांगता येतील का? लाकूड चांगलं जाड आहे.

जाडी पाहून हो म्हणू नका. कैच्या स्वतःचं, कौलांचं आणि बर्फाचं पसरलेलं वजन पेलायला केलेल्या असतात. खालच्या आडव्या तुळईचं काम ताण घेण्याचं, तिच्या मध्यावर वजन लटकवलं की ती वाकते. १२ मीटरची अॅल्युमिनियम चौकट १०० किलो, ३० किलोचे १२ फिरते दिवे ३६०, चौकट वर ओढणाऱ्या दोन मोटर आणि वायरी धरून ६०० किलो सहज होतात, आणि मोटर झटक्याने सुरू-बंद झाली की क्षणभर त्याहून जास्त. शिवाय तुळईचं टोक ओल्या भिंतीत गाडलेलं असतं. मधोमध खणखणीत लाकूड आणि टोकाला भुसा, ही जोडी कायमची. बारीक सुईची गिरमिट टोकाशी घालून पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नये.

सुरक्षित मार्ग म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या चौकटी. पण पायाखाली तळघराची कमान असेल तर पायांचं वजन एका बिंदूवर येऊ देऊ नका, जाड पाट घालून पसरवा. मोकळ्या गर्दीसाठी जमिनीने चौरस मीटरला ५०० किलो पेलावेत असा हिशेब धरतात. वायरी बसवायच्या तर दगडात नाही, सांध्यातल्या चुन्यात भोक पाडा, आणि काढल्यावर चुनाच भरा. सिमेंट भरलं तर ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडाच्या तोंडाशी येते आणि दगडाचे पापुद्रे निघतात.

छतच उरलं नसेल तर गोष्ट वेगळी. लंडनचं सेंट ल्यूक्स १७३३ मध्ये पूर्ण झालं. पाया खचल्यामुळे ते बंद पडलं आणि १९६० च्या दशकापासून छताविना उभं होतं. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते २००३ मध्ये उघडलं तेव्हा नवं छत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पोलादी खांबांवर घेतलं. शहरातलंच सेंट जॉन्स, स्मिथ स्क्वेअर (१७२८) हे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं आणि १९६९ मध्ये मैफलीचा हॉल म्हणून उघडलं. तिथे खानपान तळघरात आहे. मुख्य दालनात काउंटर मांडून ग्लासांचा खणखणाट घेण्यापेक्षा हे फार बरं.

प्रश्न : भिंती मीटरभर जाड आहेत, तरी शेजाऱ्यांची तक्रार येते.

आवाज भिंतीतून जात नाही, खिडकीतून जातो. भिंत ५० डेसिबल अडवते आणि एकेरी काच २५, अशी धरा. खिडक्यांचं क्षेत्र फक्त दहावा हिस्सा असलं तरी सगळं मिळून ३५ डेसिबलच अडतात. भिंत आणखी जाड करून काडीचाही उपयोग नाही. आतून १० ते २० सेंटिमीटर अंतरावर दुसरी काच बसवा. पोकळीचं वर सांगितलेलं तंत्र मात्र सांभाळा, कारण आवाजासाठी हवाबंद करायची आणि काचेसाठी खेळती ठेवायची, यांत तडजोड करावीच लागते. मग दारं, छताच्या फटी आणि घंटाघराच्या झडपा पाहा. शिशातल्या काचा बासने थरथरत असतील तर तो आवाज ऐकून सोडून देऊ नका. पट्ट्या सैल झाल्याची ती खूण आहे.

प्रश्न : चर्चचे लोक परवानगी देतात का?

कॅथलिक कायद्यात कॅनन (कलम) १२२२ आहे : उपासनेला न लागणारी इमारत बिशप ऐहिक वापरासाठी देऊ शकतात, पण तो वापर हीन असता कामा नये. मैफल त्यात बसते, कार्यक्रमांचा प्रकार मात्र करारात लिहून घेतात. इंग्लंडमध्ये विक्रीच्या कागदातच वापराच्या अटी घालतात, आणि इमारत ऐतिहासिक यादीत असेल तर त्याची संमती वेगळी. थडगी, शिलालेख, वेदी यांचं काय करायचं हे सुरुवातीलाच लिहून ठेवा.

प्रश्न : जुने बाक ठेवावेत का?

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या राइमन सभागृहात श्रोते आजही बाकांवरच बसतात. ते १८९२ मध्ये प्रार्थनासभांसाठी उघडलं, आणि वातानुकूलन तिथे १९९४ च्या नूतनीकरणात आलं. बाकांनी इमारतीची ओळख टिकते, पण माणशी ४५ ते ५० सेंटिमीटर जागा मोजा, आधीचे लोक दाटीने बसत. शिवाय उघड्या लाकडी बाकांचा हॉल रिकामा आणि भरलेला यांत फार फरक पडतो. तालमीत ४ सेकंद, कार्यक्रमात २.२, आणि वादकांनी दुपारी लावलेला तोल संध्याकाळी जातो. बाकांवर गाद्या घातल्या की हा फरक कमी होतो. गाद्या सलग प्लास्टिकच्या आवरणाच्या नकोत, त्यातून हवा जात नाही आणि आवाजही आत शिरत नाही. बाक हलवता येतील असे सुटे केले असतील तर आगीच्या वाटेचा हिशेब पुन्हा करून घ्या. चर्चची दारं बहुधा आत उघडतात, ती बाहेर उघडायला हवीत, आणि सर्वांत रुंद दार अडलंय असं धरून उरलेल्या दारांतून सगळे बाहेर पडतील इतकीच तिकिटं विका.